नायकाला क्षमा केली कुणी?

रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका ही प्रणयकथा लिहिणाऱ्यांची अमेरिकेतली जुनी संघटना. २०२१ च्या उन्हाळ्यात तिनं धार्मिक किंवा आध्यात्मिक आशयाच्या प्रणयकथेसाठीचं पारितोषिक एका ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबरीला जाहीर केलं आणि काही दिवसांतच, ऑगस्टच्या सुरुवातीला, परत घेतलं. कादंबरीचा नायक घोडदळातला. कथेच्या आरंभी तो वून्डेड नी इथं असतो, म्हणजे २९ डिसेंबर १८९० रोजी सातव्या घोडदळानं लाकोटा या मूलनिवासी जमातीच्या छावणीवर गोळ्या झाडल्या, त्या जागी. त्या दिवशी अडीचशेच्या आसपास माणसं मेली. त्यांत बायका-मुलं भरपूर होती. जे घडलं त्यानं नायक हादरतो, लष्कर सोडतो, पुढं टेक्ससमध्ये अडल्यानडल्यांच्या मदतीला धावतो आणि एका डॉक्टर तरुणीच्या प्रेमात पडतो.

वाद व्हायचा तसाच झाला. नरसंहारात हात असलेला माणूस प्रणयनायक होऊच शकत नाही, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणाली, कुठलंही पाप कृपेच्या आवाक्याबाहेर नाही हाच ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे. ख्रिस्ती मंडळीचा छळ करणारा शौल पुढं धर्मप्रसारक पौल होतो, तर घोडदळातल्या शिपायानं काय घोडं मारलंय? श्रद्धेच्या अंगानं पाहिलं तर दुसऱ्या बाजूचा मुद्दा बिनतोड आहे. पण दोन्ही बाजू भांडल्या त्या नायकावरून. त्याला क्षमा मिळावी की नाही, एवढंच. ती द्यायची कुणी, हे फारसं कुणी विचारलं नाही.

म्हणूनच पारितोषिक काढून घेणं ही मला संघटनेनं काढलेली सोपी पळवाट वाटते. एक पुस्तक बाजूला केलं की बाकीचं कपाट स्वच्छ, असा त्याचा अर्थ झाला. खोट एका पुस्तकात नाही. १८६० ते १९०० च्या अमेरिकेत घडणाऱ्या ख्रिस्ती प्रणयकथांचा, विशेषतः लघुकथा आणि दीर्घकथांचा, जो साचा तयार झाला आहे त्यात पश्चात्ताप होतो तो पापी माणूस, देव आणि नायिका या तिघांत. ज्याचं नुकसान झालं तो माणूस खोलीत नसतोच. इतिहास म्हणून हे खोटं आहेच. पण या लेखिकांनी आणि संपादकांनी जास्त अस्वस्थ व्हायला हवं ते याचं की त्यांच्या स्वतःच्या धर्मशास्त्रातही हे बसत नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय जकातदाराच्या घरी येशू येतो तेव्हा तो नुसता रडत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणतो, आणि ज्याचं लुबाडलं असेल त्याला चौपट परत करीन म्हणतो. आज या घराचं तारण झालं, हे वाक्य त्यानंतर येतं. गणनाच्या पुस्तकातला नियम तर सावकारी वहीसारखा रोखठोक आहे: पाप कबूल करा, मुद्दल परत करा, वर पाचवा हिस्सा द्या.

हा साचा कुठून आला, ते पाहू. ख्रिस्ती पुस्तक-दुकानांची अमेरिकन संघटना १९५० सालची. माळरानावरच्या ख्रिस्ती प्रेमकथांचा बाजार मात्र १९७९ नंतर फुलला. मग दरमहा घरपोच पुस्तकं पाठवणारे वाचक-क्लब आले, मोठ्या प्रणय-प्रकाशकांनी स्वतंत्र ख्रिस्ती मालिका काढल्या. फॅमिली ख्रिश्चन आणि लाइफवे या दुकानांच्या साखळ्या अनुक्रमे २०१७ आणि २०१९ मध्ये बंद झाल्या, तेव्हा वाचक किंडलवर सरकले. तिथं ९९ सेंटची कथा आणि सात-आठ कथांचा एकत्र संच चांगला खपतो. नाताळच्या संचातल्या एका कथेला साधारण वीस हजार शब्द मिळतात. एवढ्या जागेत तीन धागे ओढायचे असतात: प्रेमाचा, बाहेरच्या संकटाचा आणि श्रद्धेचा. शिवाय नियम. शिवी नको, दारू जपून, चुंबन शेवटी, आणि शेवट लग्नानं किंवा लग्नाच्या वचनानं. तीन धाग्यांची गाठ एकाच प्रसंगात बसली तर कथा जमते. म्हणून कसलेली लेखिका नायकाला असं पाप देते की ज्याची कबुली नायिकेजवळ देता येईल. एका कबुलीत श्रद्धा आणि प्रेम दोन्ही मार्गी लागतात, आणि शब्दही वाचतात. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना आणायचं तर चौथा धागा लागतो, आणि चौथ्या धाग्याला जागा नाही, असं समजलं जातं. यात कुणाचा दुष्टावा नाही. हिशेब आहे, आणि तो चुकलेला आहे.

चूक कुठं होते ते जमिनीवरून कळतं. या कथांत जमीन हवीच. नेब्रास्का, कॅन्सस किंवा डाकोटात नायकाचा १६० एकरांचा दावा असतो, पत्रावरून लग्न ठरलेली नवरी रेल्वेनं येते, आणि पहिल्या हिवाळ्यात दोघांचं सूत जुळतं. सरकारी जमीन वसाहतकऱ्यांना देणाऱ्या २० मे १८६२ च्या होमस्टेड कायद्याचं कथेत आलेलं रूप मात्र बहुतेकदा ढोबळ असतं. खरे तपशील किती कामाचे आहेत पाहा. अर्जदार २१ वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख हवा, नागरिक हवा किंवा नागरिकत्वाचा इरादा जाहीर केलेला हवा, आणि अमेरिकी सरकारविरुद्ध त्यानं शस्त्र उचललेलं नसावं. म्हणजे १८६५ सालीच, यादवी युद्धात सरकारविरुद्ध लढलेल्या दक्षिणेच्या फौजेतून थेट येऊन दावा टाकणारा नायक कायद्यात बसत नाही. एकूण फी १८ डॉलर. पाच वर्षं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, आणि शेवटी दोन साक्षीदार उभे करायचे. घाई असेल तर सहा महिन्यांनंतर एकरी सव्वा डॉलर भरून, म्हणजे १६० एकरांचे २०० डॉलर देऊन, जमीन घेता येई. अविवाहित बाई आणि विधवा अर्ज करू शकत. नवऱ्यासोबत नांदणारी बाई एरवी करू शकत नसे. शेजारशेजारचे दावे असलेल्या स्त्री-पुरुषानं लग्न केलं तर दोन घरांत एकाच वेळी राहणं दाखवायचं कसं, हा पेच उभा राही. प्रेमकथेला यापेक्षा चांगला अडथळा कुठून मिळणार? तरीही कथांमध्ये गैरसमज, जुनं पत्र आणि दुष्ट बँकवालाच पुन्हा पुन्हा येतात.

आणि मग तो प्रश्न, जो कथेत कुणी विचारत नाही: ही जमीन सरकारकडे आली कुठून? नेब्रास्कातले पॉनी लोक १८७० च्या दशकाच्या मध्यात दक्षिणेला इंडियन टेरिटरीत, म्हणजे मूलनिवासींसाठी राखलेल्या प्रदेशात, गेले. ओसेज लोकांना त्याच दशकाच्या सुरुवातीला कॅन्सस सोडावं लागलं. २२ एप्रिल १८८९ ला भर दुपारी बारा वाजता ज्या ओक्लाहोमात जमिनीवर दावा टाकायला घोडे आणि गाड्या उधळल्या, ती जमीन आधी क्रीक आणि सेमिनोल लोकांची होती. ही धावाधाव या कथांचा लाडका प्रसंग आहे. १८८७ च्या डॉज कायद्यानं तर सामाईक जमिनींचे कुटुंबवार तुकडे पाडले आणि ‘उरलेली’ जमीन बाहेरच्यांना खुली केली. १८८७ साली मूलनिवासींकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर होते; १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लाख एकर राहिले. म्हणजे ‘देवानं आम्हाला ही भूमी दिली’ हे नायिकेचं वाक्य ज्या वर्षी आणि ज्या परगण्यात उच्चारलं जातं, त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी तिथं कोण राहत होतं हे बहुतेक वेळा शोधून काढता येतं. जमिनीचे सरकारी पट्टे संघराज्याच्या भूमी खात्यानं संकेतस्थळावर ठेवलेत, आणि कुठला प्रदेश कुठल्या कराराखाली गेला याचे १८९० च्या दशकात तयार झालेले नकाशेही आहेत. गवतासकट कापलेल्या मातीच्या घराला किती विटा लागतात, त्या गवताची बाजू खाली करून रचायच्या, हे लेखिका काटेकोर शोधतात. सोळा बाय वीस फुटांच्या घराला सुमारे तीन हजार, हे त्यांना ठाऊक असतं. त्याच मेहनतीत आणखी अर्ध्या दिवसात जमिनीचा आधीचा मालकही सापडतो.

यावर नेहमीचं उत्तर असं की प्रणयकथेला गोड शेवट लागतो आणि हा इतिहास गोड शेवट सोसत नाही. वाचक दिवसभर थकून चार घटका विसाव्याला येतो. त्याच्यासमोर प्रेतं कशाला मांडायची? विसाव्याचा मुद्दा मला खरा वाटतो. रुग्णालयात आईच्या उशाशी बसलेली बाई ही पुस्तकं वाचते, आणि तिला हिणवण्यात काही शहाणपण नाही. पण इतिहास गोड शेवट सोसत नाही हा दावा कागदपत्रांपुढं टिकत नाही.

वून्डेड नीच घ्या. त्या आठवड्यात पाइन रिज एजन्सीत, म्हणजे लाकोटांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी ठाण्यात, खरोखरची ख्रिस्ती प्रेमकथा चालू होती. चार्ल्स ईस्टमन हा सँटी डाकोटा तरुण, श्रद्धेनं ख्रिस्ती, त्याच वर्षी बोस्टनहून डॉक्टर होऊन नोव्हेंबरमध्ये एजन्सीचा वैद्य म्हणून रुजू झाला. एलेन गुडेल ही मॅसॅच्युसेट्सची कवयित्री-शिक्षिका, डाकोटातल्या शाळांची पर्यवेक्षक. दोघांचं लग्न ठरलं ते त्याच नाताळात. चार दिवसांनी जखमी लाकोटा गाड्यांतून आले. एपिस्कोपल चर्चमधले बाक उखडून बाहेर काढले, जमिनीवर गवत पसरलं, वर गोधड्या टाकल्या आणि जखमींना तिथं निजवलं. नाताळच्या हिरव्या माळा अजून लटकत होत्या. गोळ्यांनी आणि तोफगोळ्यांनी फाटलेली शरीरं ईस्टमन तिथंच तपासत होता, एलेन शुश्रूषेला होती. हिमवादळ ओसरल्यावर, १ जानेवारी १८९१ ला, तो माणसं घेऊन रणभूमीवर गेला आणि बर्फाखालून जिवंत राहिलेल्यांना शोधू लागला. १८ जून १८९१ रोजी न्यूयॉर्कमध्ये दोघांचं लग्न झालं. सहा मुलं झाली. पुढं १९२१ मध्ये ते वेगळे झाले, हेही सांगायला हवं; पण प्रणयकथा लग्नापाशी थांबते, आणि हे लग्न खरं होतं. या कथेत चर्च आहे, नाताळ आहे, डॉक्टर आहे, हिमवादळ आहे. साच्याला लागणारी झाडून सगळी सामग्री. नायक तेवढा घोडदळातला नाही.

डॉक्टर नायिका हवी असेल तर तीही आहे. सुझन ला फ्लेश ही ओमाहा जमातीची. १८८९ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पहिली आली आणि गावी परतून आपल्याच लोकांची वैद्य झाली. प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामात तिनं मन ओतलं. १८९४ मध्ये तिनं लग्नही केलं. माळरानावर धर्मनिष्ठ लेडी डॉक्टर म्हटलं की या कथांतून सोनेरी केसांची पाहुणी उतरते; नेब्रास्कातली खरीखुरी मात्र कपाटात कुठं दिसत नाही.

आता घोडदळातलाच नायक हवा असेल तर? तोही घ्या. त्याच्यासाठी १८६४ साली कोलोराडोत जावं लागेल. कर्नल जॉन शिव्हिंग्टन हा मेथडिस्ट पाद्री, डेन्व्हरच्या बाजूचा वरिष्ठ धर्मोपदेशक, युद्धात शिरल्यावर ‘लढाऊ पाद्री’ म्हणून गाजलेला. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी सँड क्रीकवर त्यानं शायान आणि अरापाहो या मूलनिवासी जमातींच्या छावणीवर हल्ला केला. छावणीत अमेरिकेचा झेंडा आणि पांढरं निशाण दोन्ही होतं. सुमारे २३० माणसं मेली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. त्याच दिवशी कॅप्टन सायलस सोल यानं आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही. डिसेंबरमध्ये त्यानं जे पाहिलं ते वरिष्ठाला पत्रानं कळवलं. फेब्रुवारी १८६५ मध्ये लष्करी चौकशीपुढं, डेन्व्हरमध्ये, शिव्हिंग्टनच्या तोंडावर साक्ष दिली. एप्रिलच्या पहिल्या तारखेला त्यानं लग्न केलं आणि २३ एप्रिलला डेन्व्हरच्या रस्त्यात त्याला गोळी घालून मारलं. लग्नाला महिनाही झाला नव्हता. शिव्हिंग्टन पुढं जवळजवळ तीस वर्षं जगला आणि आपण केलं ते योग्यच, असं म्हणत राहिला.

सोलच्या कथेचा शेवट प्रणयाच्या नियमात बसत नाही, कबूल. पण तिचा सांगाडा घ्या. वीस हजार शब्दांत चौथा धागा मावत नाही म्हणणाऱ्यांसाठी तो मुद्दाम रचल्यासारखा आहे. एकच गाव. हिवाळ्यातले तीन महिने. एक चौकशीची खोली. सँड क्रीकवर गोळी झाडलेला एक शिपाई, काल्पनिक, आणि त्याच्यावर जीव जडलेली मुलगी, जिचे वडील कर्नलच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतात. कबुली आता बिछान्याशेजारी किंवा तबेल्यात नाही. शपथेवर, लेखनिकासमोर द्यायची. तिथं भरपाईला वजन येतं, कारण साक्षीमुळे नोकरी, अब्रू, कदाचित जीवही जाईल. प्रेमाचा, संकटाचा आणि श्रद्धेचा धागा त्याच एका प्रसंगात येऊन बसतो, आणि शायान माणसं जळमटासारखी कोपऱ्यात राहत नाहीत, कारण प्रत्येक प्रश्न त्यांच्याबद्दलच आहे. शिपाई कोणाला मारलं ते सांगतो, नाव असेल तर नावानिशी. जिवंत राहिलेल्या बाईनं त्याला क्षमा करावी, असा प्रसंग मात्र घालू नये. ती करील किंवा करणार नाही, हे तिच्याकडे राहू द्यावं. गोड शेवट नायिका देऊ शकते. क्षमा देण्याचा अधिकार तिचा नाही.

यातही हमखास चुका होतात. पहिली म्हणजे ‘चांगला इंडियन’: एक शहाणा म्हातारा येतो, नायकाला आशीर्वाद देतो, आणि पुढच्या पानावर मरतो किंवा निघून जातो. क्षमेची पावती फाडायला आणलेला हा माणूस गैरहजर माणसापेक्षाही वाईट. दुसरी, तारखांचा घोळ: १८७८ च्या कथेत पॉनी अजून नेब्रास्कात ठाण मांडून. तिसरी, मिशन शाळा नुसतीच गोड. १८६९ नंतर अध्यक्ष ग्रँटच्या धोरणानं कित्येक एजन्सी चर्च-संप्रदायांना वाटून दिल्या होत्या, आणि १८७९ पासून पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइल शाळेच्या नमुन्यावर चाललेल्या वसतिशाळांत मुलांचे केस कापले जात, मातृभाषा बंद केली जाई. नायिका तिथं शिक्षिका असेल तर कात्री कुणाच्या हातात होती हे कथेला ठाऊक असावं लागतं.

गुलामगिरीनंतरच्या दक्षिणेत हाच मुद्दा वेगळ्या वाटेनं येतो आणि तिथं तर साहित्य नुसतं पडून आहे. विकली गेलेली बायको, नवरा, लेक यांचा शोध घेणारी माणसं चर्चच्या वर्तमानपत्रांत जाहिरात देत. न्यू ऑर्लिन्सच्या मेथडिस्ट साप्ताहिकात १८७० च्या दशकाच्या अखेरीस ‘हरवलेले आप्त’ अशा नावाचं सदर सुरू झालं. वर्गणीदार नसाल तर पन्नास सेंट. आणि पाद्र्यांनी ही पत्रं रविवारी व्यासपीठावरून वाचून दाखवावीत अशी विनंती. जुन्या मालकाचं नाव, विकलं त्या गावाचं नाव, मुलांची नावं. वीस-पंचवीस वर्षांनी एखाद्या चर्चमध्ये पाद्री पत्र वाचतो आणि मागच्या बाकावरची बाई उभी राहते: याला कथानक म्हणायला आणखी काय हवं, ते मला तरी कळत नाही.

मराठी वाचकाला हे सगळं दूरचं वाटेल. पण बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या ज्या मिशनरी संस्थेनं १८१३ मध्ये मुंबईत मिशन काढलं आणि पुढं अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या, त्याच बोर्डानं १८१७ मध्ये टेनेसीत चेरोकी या मूलनिवासी जमातीसाठी मिशन काढलं. त्याच वर्षी कनेक्टिकटमधल्या कॉर्नवॉल गावात परदेशी आणि मूलनिवासी तरुणांसाठी शाळाही उघडली. तिथला चेरोकी विद्यार्थी इलायस बुडिनो आणि गावची हॅरिएट गोल्ड यांचं प्रेम जमलं. गावानं भर चौकात तिचा पुतळा जाळला. तो पेटवणाऱ्यांत तिचा भाऊ होता. तरी १८२६ मध्ये लग्न झालं आणि ती चेरोकी मुलखात नांदायला गेली. शाळा बंद पडली. प्रार्थना शिकवणाऱ्या गावानंच लग्न मोडायला आग लावली, यात पश्चात्ताप कुणी करायचा होता हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे पहिली मराठी कादंबरी मानली जाते ती १८५७ ची ‘यमुनापर्यटन’. एका ख्रिस्ती लेखकाची, आणि विषय विधवांचे हाल. धर्मप्रचाराचा हेतू होता म्हणून बाबा पदमनजींनी दुःखाकडे पाठ फिरवली नाही. उलट तोच हेतू त्यांना तिथं घेऊन गेला.

राहिला एक आक्षेप, आणि तो वजनदार आहे: गोऱ्या लेखिकेनं लाकोटा किंवा शायान पात्राच्या मनात शिरून लिहावं का? बहुधा नको. त्या मनातून लिहिणारे लेखक त्या जमातींत आहेत आणि ख्रिस्ती प्रकाशकांनी त्यांना करार द्यावेत. तेही या दुरुस्तीचा भागच आहे. पण मनात न शिरताही माणूस कथेत हजर असू शकतो. त्याला नाव असतं, मागणी असते, आणि तो नकार देऊ शकतो. दावा नोंदवायला आलेल्या नायकाला जमीन-कार्यालयाच्या दारात एक माणूस दिसतो, जो आपल्या आईची कबर कुठं आहे ते विचारायला आलाय, एवढं दोन पानांत होतं. नायक पुढं काय करतो यावर उरलेली कथा चालते. तो नांगर कुठं थांबवतो? कुंपण कुठून वळवतो? साक्षीला कुणाला बोलावतो?

प्रकाशकांच्या सूचनापत्रात आज मद्य, शिव्या आणि शारीरिक जवळिकीसाठी ओळी असतात. त्यात आणखी दोन घालायला हरकत नसावी: कथेतली जमीन कोणत्या वर्षी, कोणत्या करारानं, कुणाकडून आली ते लेखिकेनं हस्तलिखितासोबत अर्ध्या पानात लिहून द्यावं, आणि नायकाच्या पापाची कबुली कथेत ज्याच्यासमोर होते, त्याचंच नुकसान झालेलं आहे का, हे संपादकानं स्वीकारण्याआधी तपासावं.